दृष्टीआडची सृष्टी : जवळून घेतलेल्या छायाचित्रांचा छंद

'दृष्टीआड सृष्टी' अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. जे डोळ्यांसमोर घडत नाही त्याची मनुष्याने फार चिंता करू नये, असा तिचा व्यवहारातील अर्थ होय. परंतु शेतकऱ्याला ही म्हण परवडणारी नाही. त्याच्या पिकाचे बरेवाईट ज्या जिवांच्या हाती असते, त्यांपैकी पुष्कळसे त्याच्या दृष्टीआडच नांदत असतात. ते कोठे दूर रानात नसतात. त्याच्याच बांधाच्या आत, कपाशीच्या पानाखाली, तुरीच्या कळीत, मक्याच्या पोंग्यात त्यांचा संसार चाललेला असतो. शेतकरी रोज त्यांच्या शेजारून ये-जा करतो. अडचण इतकीच की, तो उभ्याने पाहतो आणि ते पानाच्या खालच्या अंगाला असतात. शिवाय त्यांचा आकार ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो.

ही दृष्टीआडची सृष्टी दृष्टीपुढे आणण्याचे एक साधन आज बहुतेक घरांत आहे. ते म्हणजे छायाचित्र घेणारा मोबाईल. गावोगावी या यंत्राने लग्नकार्याची, पोळ्याच्या दिवशी सजविलेल्या बैलजोडीची, नव्या ट्रॅक्टरची आणि नातवंडांची चित्रे घेतली जातात. तेच यंत्र वीतभर अंतरावरून एखाद्या पानापुढे, फुलापुढे किंवा मिठाच्या खड्यापुढे धरावे, असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. ज्याने एकदा तसे करून पाहिले, त्याला पहिल्याच चित्रात नवल वाटते. रोज पायाखाली जाणाऱ्या गवताच्या फुलाला पाकळ्यांऐवजी पिसासारखे तुरे असतात, मधमाशीच्या मागील पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या चिकटविलेल्या असतात, हे त्याला प्रथमच कळते. हा आनंद स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि शेतीच्या कामात भर घालणारा आहे. म्हणून ग्रामीण कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी या छंदाचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

एका शेतकऱ्याचा छंद

जवळून छायाचित्रे घेणे हे शहरी हौशी मंडळींचे काम आहे, असा समज असल्यास तो दूर करावा. या कलेच्या आरंभीच्या थोर उपासकांमध्ये एक दुग्धव्यवसायी शेतकरी होता. त्याचे नाव विल्सन बेंटली. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या जेरिको या खेड्यात ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचा जन्म झाला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती आणि बेंटलीचे बरेचसे शिक्षण तिच्याच हाताखाली घरी झाले. तिच्याजवळ एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र होते. ते मुलाच्या हाती आले आणि त्याला आयुष्यभराचा विषय सापडला.

व्हर्माँटमध्ये हिवाळ्यात विपुल हिमवर्षाव होतो. बेंटलीने हिमाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले. प्रत्येक कण सहा बाजूंचा, कातीव नक्षी केल्यासारखा आणि दुसऱ्याहून निराळा दिसला. तो त्यांची चित्रे हाताने काढू लागला. परंतु चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जात असे. तेव्हा सूक्ष्मदर्शकाला छायाचित्रण यंत्र जोडण्याची कल्पना त्याने मनात धरली. वडिलांनी पैसे खर्चून यंत्र घेऊन दिले, पण हिमकणांचे हे वेड त्यांना फारसे पटले नव्हते. दोन वर्षांहून अधिक काळ प्रयत्न फसत गेले. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले स्वच्छ छायाचित्र त्याला मिळाले. त्या वेळी त्याला विसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्याची रीत अगदी साधी होती. गारठलेल्या पडवीत तो काळ्या रंगाची फळी घेऊन उभा राही. तिच्यावर पडलेला कण काडीने अलगद उचलून काचेवर ठेवी, पिसाने हलकेच दाबून सपाट करी आणि स्वतःच्या श्वासाची ऊब लागून कण वितळू नये म्हणून श्वास रोखून चित्र घेई. अशी पाच हजारांवर चित्रे त्याने आयुष्यात घेतली. गाईंचे दूध काढणे, चारा कापणे ही कामे चालूच होती. पावसाच्या थेंबांचा आकार मोजण्यासाठी त्याने पिठाने भरलेले ताट काही क्षण पावसात धरले. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी तयार झाली आणि त्या गोळ्या वाळवून त्याने मोजल्या. ही युक्ती स्वयंपाकघरातली होती. परंतु तिच्या आधारे लिहिलेला त्याचा लेख १९०४ साली हवामानशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३१ साली त्याच्या दोन हजारांहून अधिक चित्रांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

बेंटलीच्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, त्याने पाहण्याचा विषय शोधण्यासाठी गाव सोडले नाही. जे अंगणात पडत होते तेच त्याने पाहिले. दुसरी अशी की, त्याने उपयोगाचा हिशेब आधी मांडला नाही. त्याला पाहण्यात गोडी वाटली, म्हणून तो रोज पाहत राहिला. आणि रोज पाहत राहिला म्हणूनच त्याच्या हातून शास्त्राला उपयोगी पडेल असे काम झाले.

दव, अळवावरचे पाणी आणि मिठाचा खडा

महाराष्ट्रात हिमकण पडत नाहीत. परंतु दव पडते. बेंटलीनेही उन्हाळ्यात गवतावरील व कोळ्याच्या जाळ्यावरील दवाची चित्रे घेतली होती. रब्बीच्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास बांधावरील जाळे जवळून पाहिले, तर प्रत्येक धाग्यावर मोत्यांच्या सरीसारखे थेंब ओळीने बसलेले दिसतात. प्रत्येक थेंब हे एक लहानसे भिंगच असते आणि त्यात मागचे शेत उलटे दिसते.

याच वेळी गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या टोकांकडे लक्ष द्यावे. तेथे एकेक टपोरा थेंब लोंबत असतो. त्याला सर्वजण दव समजतात. परंतु पात्यावर सर्वत्र बारीक तुषार आणि टोकाला मात्र एकच मोठा थेंब, असा भेद जवळच्या चित्रात उघड होतो. टोकाचा तो थेंब आकाशातून आलेला नसतो. रात्री जमिनीत ओल भरपूर आणि हवाही दमट असली, म्हणजे मुळांनी वर ढकललेले पाणी वाफ होऊन उडून जाऊ शकत नाही. ते पात्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते. म्हणजे तो थेंब पिकाने स्वतः दिलेला असतो.

क्षणभंगुर गोष्टीला मराठीत 'अळवावरचे पाणी' म्हणतात. ते पाणी पानावर का ठरत नाही, याचेही उत्तर जवळून पाहिल्यास मिळते. थेंबाच्या खालची बाजू चांदीसारखी चमकते. अळूच्या पानावर मेणाचा थर असलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्या उंचवट्यांच्या माथ्यावरच टेकतो आणि त्याच्याखाली हवा अडकून राहते. ती चमक त्या अडकलेल्या हवेची होय. पानाला न भिजविताच थेंब घरंगळतो व जाताजाता धूळही घेऊन जातो.

मक्याच्या कणसाचे केस हा असाच एक पाहण्याजोगा विषय आहे. कोवळे कणीस हळूच सोलून चित्र घ्यावे. प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला दिसेल. तुऱ्यातील परागकण ज्या केसावर पडला आणि रुजला, त्याचाच दाणा भरतो. जेथे पराग पोचला नाही तेथे जागा मोकळी राहते. अर्धवट भरलेले कणीस हाती आले, तर दोष केवळ बियाण्याचा नसून केस बाहेर पडण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडल्याचाही असू शकतो, ही गोष्ट असे चित्र पाहिलेल्या मनुष्याला समजावून सांगावी लागत नाही.

सूर्यफुलाचे फूल म्हणजे एक फूल नव्हेच. त्याच्या तबकात शेकडो लहान फुले असतात, ती कडेकडून आत क्रमाने उमलतात आणि प्रत्येकाचे एक बी होते. त्यांच्या रांगा वळसे घेत दोन दिशांनी फिरतात. छायाचित्रावर पेन्सिलीने खुणा करून हे वळसे मोजले, तर एका दिशेने ३४ व दुसऱ्या दिशेने ५५ अशा संख्या पुष्कळदा मिळतात. शाळेतील मुलांना हा खेळ विशेष आवडतो.

पाऊस लागला म्हणून घरी बसावे लागले, तरी विषयांचा तोटा नाही. खडे मिठाचा लहान कण जवळून पाहिला, तर तो घडविल्यासारखा चौकोनी ठोकळा दिसतो. साखरेचा कण मात्र तिरप्या कडांचा असतो. विळ्याचे दाते, टाकी लावलेल्या जात्याचा दगड, घोंगडीची वीण, सुंभाचा पीळ या नित्याच्या वस्तूंचे जवळून घेतलेले चित्र घरातल्या माणसांना ओळखू येत नाही, आणि ओळखू आल्यावर सर्वांना हसू फुटते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्यानेही सतराव्या शतकात भिंगे घासून पाहण्याचा असाच छंद धरला आणि त्यातूनच पाण्यातील सूक्ष्म जीवांचा शोध लागला.

पेरणीपूर्वी बियाण्याकडेही असेच पाहावे. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते व कोंब त्याच्या अगदी लगत असतो. मळणीत किंवा पोती आदळल्याने सालाला गेलेले बारीक तडे नुसत्या डोळ्यांना जाणवत नाहीत. चित्रात ते स्पष्ट दिसतात. असे दाणे फार दिसले, तर शंभर दाण्यांची उगवण तपासणी करण्यास शेतकरी आपणहून प्रवृत्त होतो.

साधने व रीत

निरोगी प्रौढ डोळ्याला वस्तू सुमारे २५ सेंटिमीटरहून जवळ आणली की ती अंधुक दिसू लागते. साध्या मोबाईलचीही अशीच एक मर्यादा असते. सात ते दहा सेंटिमीटरच्या आत बहुतेक यंत्रांना वस्तू स्पष्ट टिपता येत नाही. काही यंत्रांत जवळच्या चित्रासाठी निराळी सोय असते. ज्यांत ती नाही, त्यांच्यापुढे चिमट्याने बसविण्याचे लहान भिंग बाजारात मिळते. दहापट मोठे दाखविणारे साधे हातभिंग मोबाईलच्या भिंगाला लागून धरले, तरी काम भागते. अशा भिंगाने चित्र घेताना वस्तू सुमारे अडीच सेंटिमीटरवर असावी लागते. बोटांनी पडद्यावरील चित्र मोठे केल्याने नवा तपशील मिळत नाही. जे टिपले आहे तेच फक्त ताणले जाते, हे ध्यानात ठेवावे.

इतक्या जवळून चित्र घेताना एक किंवा दोन मिलिमीटर खोलीचा भागच स्पष्ट येतो. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. यंत्राची पाठ पानाला समांतर धरावी. तिरपे धरल्यास पानाची एक कड स्पष्ट व दुसरी अंधुक येते.

२. कीटकाचे चित्र घेताना डोळा किंवा डोके स्पष्ट येईल असे पाहावे.

३. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकून बसावे आणि श्वास क्षणभर रोखावा. हात पुढेमागे करण्याऐवजी अंग किंचित पुढे झुकवून स्पष्टता साधावी.

४. वाऱ्याने पान हलत असल्यास देठाशी एक काडी रोवून तिला ते टेकवावे, किंवा डाव्या हाताच्या दोन बोटांत पान धरावे.

५. भर दुपारचे ऊन टाळावे. ते पानावर चकाकते आणि सावल्या काळ्याकुट्ट पाडते. सकाळचा मऊ प्रकाश किंवा ढगाळ दिवस उत्तम. ऊन असल्यास धोतराचा किंवा पांढऱ्या पातळ कापडाचा पदर वर धरावा.

६. एकाच वस्तूची पाच-सहा चित्रे घ्यावीत व उत्तम तेवढे ठेवावे.

७. भिंग स्वच्छ, मऊ कापडाने पुसावे. घामाचा एक ठसा सर्व श्रम वाया घालवितो.

कीटकांसाठी सकाळची वेळ दुहेरी लाभाची आहे. त्यांच्या शरीराची ऊब हवेच्या उबेवर अवलंबून असल्याने गारव्यात ते सुस्त असतात व चटकन उडून जात नाहीत. मात्र बसण्यापूर्वी, गवतात हात घालण्यापूर्वी साप-विंचवाची खात्री करून घ्यावी. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात छायाचित्रासाठी जाऊ नये.

शत्रू की मित्र?

या छंदाचा शेतीच्या दृष्टीने खरा कस लागतो तो पिकात कीड दिसते तेव्हा. खरिपातील एक प्रसंग कल्पनेने घ्यावा; असा प्रसंग कोणत्याही गावी घडू शकतो. कपाशी गुडघाभर झाली आहे. खालच्या पानांवर मावा दिसतो, पाने चिकट झाली आहेत. शेतकऱ्याने पंप भरून पाठीवर घेतला आहे. इतक्यात गावचा तरुण कार्यकर्ता बांधावर येतो.

"काका, पंप जरा खाली ठेवा. एक पान उलटून पाहू."

"त्यात पाहायचं काय, साहेब? मावा आहे. शिवाय त्या काळ्या अळ्याही फिरताहेत. उद्यापर्यंत सगळं पीक खातील."

कार्यकर्ता गुडघ्यावर बसतो, पान बोटांत धरतो, भिंग लावतो आणि चार-पाच चित्रे घेतो. मग सावलीत उभे राहून दोघे ती पाहतात. पहिल्या चित्रात काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारख्या अंगाची एक लहान अळी आहे आणि तिच्या तोंडात एक मावा अर्धा धरलेला आहे.

"ही तर माव्यालाच खाते आहे!"

"होय काका. ही ढालकिड्याची अळी. पाठीवर ठिपके असलेला तो लाल गोल किडा तुम्ही पाहता ना, त्याचंच हे पोर. बापही मावा खातो, पोरही खातं. आता हे पाहा."

दुसऱ्या चित्रात जिवंत हिरव्या माव्यांच्या गर्दीत काही मावे फुगून तपकिरी झालेले आहेत. एकाच्या पाठीला वाटोळे भोक आहे. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या शरीरात अंडे घातले, तिच्या अळीने मावा आतून पोखरला आणि भोक पाडून नवी माशी बाहेर पडली. तिसऱ्या चित्रात पानाच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक देठांवर पांढुरकी अंडी उभी आहेत. शेतकऱ्याने आजवर ती पाहिली असतील, तर बुरशी समजून सोडून दिली असतील. ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अंडी होत. त्याच्या अळ्याही माव्यावर तुटून पडतात.

"मग फवारायचं नाही म्हणता?"

"आज नको. शेतात फिरून वीस झाडं मोजू. मावा किती आणि हे मित्र किती, ते लिहून ठेवू. चार दिवसांनी याच झाडांची पुन्हा चित्रं घेऊ. मावा वाढत असला तर शिफारशीप्रमाणे औषध घेऊ. उतरत असला तर खर्च वाचला."

चार दिवसांनी काय दिसेल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. कधी मित्रकीटक पुरे पडतात, कधी पडत नाहीत. परंतु पंप खाली ठेवून पाहण्याने निर्णय अंदाजावरून न होता पुराव्यावरून होतो. न पाहता केलेल्या सरसकट फवारणीने मावा मरतो तसेच त्याचे वैरीही मरतात. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे उरलेला मावा लवकर वाढतो. त्याच्या वैऱ्यांना मात्र पुन्हा संख्येने वाढण्यास अधिक दिवस लागतात. मग दुसरी फवारणी करावी लागते, तिच्यामागून तिसरी.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती पैशाहून मोठी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. औषध फवारणे अटळ असेल, तेव्हा संरक्षक कपडे, तोंडावर आवरण व हातमोजे घालून, वाऱ्याची दिशा पाहून आणि प्रमाण सांभाळूनच ते फवारले पाहिजे. परंतु जी फवारणी मुळातच नको होती, ती टळली तर त्यासारखे दुसरे संरक्षण नाही.

जवळून पाहण्याने नेहमी थांबण्याचाच सल्ला मिळतो, असेही नाही. कधी ते त्वरा करण्यास सांगते. २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी अल्पकाळातच महाराष्ट्रातील मक्यावरही आली. इतर अळ्यांपासून ती ओळखण्याच्या खुणा जवळच्या चित्रात निर्विवाद दिसतात. तिच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' हे अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडील आठव्या वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. अळी लहान असते तेव्हा पानाचा हिरवा भाग खरवडते व पांढुरके पारदर्शक चट्टे दिसतात. ती मोठी होऊन पोंग्यात शिरली व भुशासारखी विष्ठा बाहेर दिसू लागली, की उपाय कठीण होतो. त्याचप्रमाणे कपाशीचे फूल न उमलता पाकळ्या गुंडाळून डोमकळी झालेली दिसली, तर ती उघडून आतील गुलाबी बोंडअळीचे चित्र घ्यावे आणि डोमकळी अळीसह नष्ट करावी.

द्राक्षबागेत भुरी व केवडा यांची गल्लत होते. भुरीची राखेसारखी भुकटी पानाच्या वरच्या बाजूसही येते. केवड्यात वर तेलकट डाग आणि त्याच्या बरोबर खाली पांढरी कापसासारखी वाढ असते. पानाच्या दोन्ही बाजूंची चित्रे शेजारी ठेवली की ही गल्लत बहुधा मिटते. दोन्ही रोगांची औषधे भिन्न असल्याने हा भेद कळणे म्हणजे औषधाचा खर्च योग्य जागी लागणे होय.

एक धोका

या छंदात एक धोकाही आहे, तो सांगितलाच पाहिजे. भिंगाखाली मिलिमीटरभर तुडतुडा बैलाएवढा भासतो. असे चित्र गावच्या गटात फिरले की भीतीही तितकीच मोठी होते आणि संध्याकाळपर्यंत औषधाच्या दुकानापुढे रांग लागते. चित्र ओळख पटविते. संख्या सांगत नाही. एका पानाचे चित्र म्हणजे संपूर्ण शेत नव्हे. म्हणून चित्र घेतल्यानंतर शेतात तिरपे-आडवे फिरून, निरनिराळ्या जागची वीस झाडे तपासून, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे की नाही हे मोजलेच पाहिजे. महाराष्ट्रात २००९-१० साली सुरू झालेल्या 'क्रॉपसॅप' या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाचा पायाही असे नियमित मोजणे हाच आहे. भिंग आणि मोजणी ही एका जोडीची दोन बैले आहेत. एकट्याने नांगर ओढला जात नाही.

तज्ज्ञाकडे चित्र पाठविताना

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतील किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला नुसते एक अंधुक चित्र पाठवून 'औषध सांगा' असे विचारणे म्हणजे वैद्याला बंद दाराआडून नाडी दाखविण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीतही चित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. परंतु तेथेही चित्र जितके स्वच्छ तितके उत्तर विश्वसनीय. म्हणून निदान चार चित्रे पाठवावीत : एक शेताचे, म्हणजे रोग जागोजाग आहे की ओळीने हे कळते; एक संपूर्ण झाडाचे, म्हणजे जुनी पाने पिवळी आहेत की नवी हे कळते; आणि दोन अगदी जवळची, पानाच्या वरची व खालची बाजू दाखविणारी. जवळच्या चित्रात मोजपट्टी किंवा आगकाडी ठेवावी, म्हणजे आकार समजतो. सोबत पिकाचे वाण, पेरणीची तारीख, शेवटचे पाणी आणि यापूर्वी फवारलेले औषध लिहावे. सुदृढ पानाचे एक चित्र जोडल्यास तुलना करता येते.

गावाचा चित्रसंग्रह

ग्रामीण कार्यकर्त्याने मनावर घेतल्यास या छंदाला सार्वजनिक रूप देता येईल. आपल्याच शिवारातील पिकांची, किडींची, मित्रकीटकांची व तणांची जवळून घेतलेली चित्रे तारीख व शेताचे नाव घालून जपून ठेवावीत. दोन-तीन हंगामांत त्यांचा गावापुरता एक संग्रह तयार होतो. पहिला तुडतुडा कधी दिसला, ढालकिडे कधी आले, तांबेरा कोणत्या पंधरवड्यात उठला, हे त्यावरून सांगता येते. छापील पुस्तकातील किडीपेक्षा आपल्या बांधावरील कीड शेतकऱ्याला अधिक ओळखीची वाटते.

ही चित्रे महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर मोठी करून दाखवावीत. आरंभी 'हे काय आहे?' एवढेच विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. म्हाताऱ्या मंडळींचा अनुभव आणि मुलांची तीक्ष्ण नजर यांची अशा वेळी चांगली गाठ पडते. खुरपणीला जाणाऱ्या स्त्रिया दिवसभर पिकाच्या सर्वांत जवळ बसलेल्या असतात. पानाखालचे बदल प्रथम त्यांनाच दिसतात. त्यांना या कामात आवर्जून सामील करून घ्यावे. एखाद्या मुलाने मिठाच्या खड्याचे चित्र आणले, तर तेही तितक्याच कौतुकाने दाखवावे. ज्याला मिठाचा खडा पाहण्यात गोडी वाटली, तो उद्या पानाची पाठही पाहील.

शेतीतील बहुतेक सुधारणांना पैसा लागतो, पाणी लागते, वेळेवर बी-बियाणे लागते. या एका सुधारणेला मुख्यतः गुडघे वाकविण्याची तयारी लागते. सकाळी शेतात गेल्यावर पहिली दहा मिनिटे कोणतेही अवजार हाती न घेता एका झाडापाशी बसावे, एक पान उलटावे, एक चित्र घ्यावे. काही दिवस केवळ गंमत म्हणून हे करावे. पुढे ज्या दिवशी त्या पानाच्या पाठीवर केसासारख्या देठावरचे अंडे दिसेल, त्या दिवशी पंप पाठीवर घ्यायचा की घरी ठेवायचा, हे ठरविणे शेतकऱ्याला सोपे जाईल.